टाउनशिप बंद होत नाही

बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये बसून मी दोन वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या एका काउंटीच्या हद्दी लावत होतो. हे सांगितलं की लोक हसतात. माणूस पुणे जिल्ह्यातला, बसलाय इंग्लंडात आणि शिवा आखतोय अमेरिकेच्या, त्याही अडीचशे वर्षांपूर्वीच्या. मीही त्यांच्याबरोबर हसतो आणि विषय बदलतो. त्यापुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

काम असं होतं. आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांसाठी एका अमेरिकन कंपनीची वेबसाइट होती आणि तिच्या पोटातला डेटा आम्ही बांधत होतो. कुणी पणजोबांचं नाव टाकलं की ते अमुक साली कुठं राहत होते, हे नकाशावर दिसायला हवं. पण गावं एका जागी गप्प बसत नाहीत. सुरुवातीला ती काउंटी म्हणजे नुसतं रान, दोन-चार प्रचंड टाउनशिपांत, म्हणजे आपल्या पंचायतीसारख्या हद्दींत, वाटलेलं. मग वस्ती वाढली. लोक कोर्टाकडे अर्ज करू लागले की आमची टाउनशिप फार मोठी आहे, रस्ते दुरुस्त करणारा माणूस आमच्यापर्यंत पोचत नाही, पाऊस झाला की ओढा ओलांडता येत नाही, तर आम्हाला वेगळं करा. कोर्ट दोन-तीन भल्या माणसांना पाठवायचं. ते घोड्यावरून हिंडून रेघ आखून द्यायचे, पांढऱ्या ओकपासून अमक्याच्या बांधापर्यंत, तिथून ओढ्याच्या काठानं खाली. एका टाउनशिपच्या दोन व्हायच्या, दोनाच्या पाच. पुढे चौरस्त्यावर दुकानं, सराई, चर्च असं काही जमलं की तेवढ्या भागातले लोक बरो मागायचे. म्हणजे छोटं शहरच. फरसबंदी हवी, मोकाट डुकरं नकोत, वगैरे.

या सगळ्या जन्मतारखा आम्ही तक्त्यात भरत होतो. कोण कुणातून निघालं, कधी निघालं, कधी संपलं.

आम्ही म्हणजे मी आणि नागपूरची एक बाई. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचो. हुद्द्यानं मी वर, म्हणून ती मला दादा म्हणायची. दोघंही एकमेकांना अहोजाहो. तिचा नवरा नागपुरात बँकेत होता आणि ती मुलीला घेऊन इकडे आली होती. मला त्या कामात तक्ते दिसायचे, तिला माणसं दिसायची. अर्जांच्या स्कॅनवर खाली सह्या असत, काही जर्मन वळणाच्या, काही नुसत्या फुल्या. ती मला हाक मारायची, "दादा, या ना इकडे. हा बघा, ह्यानं तीन अर्जांवर फुली मारली. ओढ्याला लय कंटाळला असेल बिचारा."

एका दुपारी ऑफिसच्या किचनमध्ये चहा करताना तिनं विचारलं, "दादा, एक गोष्ट समजून नाही राहिली. ह्या टाउनशिपमधून बरो निघाला ना जी? त्याच्यानंतर चाळीस वर्षांनीसुद्धा जनगणनेत टाउनशिपचं नाव येऊन राहिलं. मग ती बंद कधी झाली?"

"बरो झाला त्याच दिवशी."

"मग हे लोक तिथं कसे?"

"जुन्या सवयीनं लिहिलं असेल. आमच्याकडे नगरपरिषद झाल्यावरसुद्धा लोक कितीतरी वर्षं 'पंचायतीत जाऊन येतो' असंच म्हणायचे."

हे मी छातीठोकपणे सांगितलं, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. माझे वडील ग्रामसेवक. मी आठवीत असताना आमच्या गावची नगरपरिषद झाली. ग्रामपंचायतीचं दप्तर बांधून, शिक्का फडक्यात गुंडाळून वडिलांनी ते नव्या साहेबांच्या हवाली केलं, आणि पाटी उतरवली तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. एक आली की दुसरी गेली. एका गावाला दोन्ही असतात असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

"एकदा त्या अमेरिकेवाल्यांना मेल टाकून विचारू का?" ती म्हणाली.

"कशाला? यांना एवढंही माहीत नाही, असं वाटेल त्यांना. घाला नियम. बरो झाला की टाउनशिपची शेवटची तारीख भरायची."

"घालते. ग्रामसेवकाच्या पोराला आम्ही काय शिकवणार बाप्पा! त्यात तुम्ही पुण्याकडचे, तुम्ही चुकाल कसे?"

ती हसत जागेवर गेली आणि नियमांच्या शीटमध्ये तिनं तो नियम टाइप केला. त्या शीटमध्ये शेवटी एक रकाना होता, ज्यानं नियम लिहिला त्याची आद्याक्षरं. तिनं लिहिला, तिची पडली.

चूक बाहेर यायला वर्ष लागलं. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तक्रार केली. त्यांचे पणजोबा जन्मभर शेतकरी, मेले तेही शेतावर, आणि आमच्या वेबसाइटनं त्यांना भर बाजारपेठेत नेऊन बसवलं होतं. अमेरिकन कंपनीनं खोदून पाहिलं, तर असे खेडूत जिकडेतिकडे शहरात गेलेले. कारण तिथली टाउनशिप बंद होत नाही. बरो तिच्या मधून कापून घेतात, आणि ती उरलेल्या जमिनीसह भोवताली तशीच राहते, बहुतेक वेळा त्याच नावानं. शेतकरी कुठंही गेले नव्हते. मी त्यांच्या पायाखालचं गाव काढून घेतलं होतं.

ताईला हे समजलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. "दादा, मेदूवडा आहे हा मेदूवडा! भोक म्हणजे बरो, वडा म्हणजे टाउनशिप. आपण भोक ठेवून वडा खाऊन टाकला." मीही हसलो. तोवर मीटिंग लागलेली नव्हती.

मीटिंगला आम्ही तिघंच होतो. आमचा मॅनेजर इंग्लिश, हळू बोलणारा, दार उघडतानाही सॉरी म्हणणारा. त्यानं शीट पडद्यावर लावली, तो नियम शोधला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून मला विचारलं, ही अक्षरं कुणाची?

"हिची," मी म्हणालो.

हे खरंच होतं. मी खोटं काहीच बोललो नाही. त्यानं पुढे विचारलं, मला आणखी काही माहीत असायला हवं का? ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत होतो. मग तिनं आपल्या मगाकडे पाहिलं, आणि मॅनेजरनं शीट बंद केली.

आता कारण सांगतो. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. माझी पाच वर्षं भरली होती आणि इथं कायम राहण्याचा अर्ज मी पोस्टानं केला होता. आमचे चौघांचे पासपोर्ट क्रॉयडनला, व्हिसाच्या सरकारी कचेरीत, पडून होते. सोबत कंपनीचं पत्र जोडलं होतं, की हा माणूस आम्हाला हवा आहे. क्रॉयडनहून फोन करून विचारतात, असं सगळे म्हणायचे. कुणाला आला होता तसा फोन, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. तरी फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो.

आणि तिची अडचण. तिचं वर्क परमिट एप्रिलच्या अखेरीला संपत होतं. आधीच्या नियमानं ती चार वर्षांत कायम झाली असती, पण मध्येच सरकारनं चाराची पाच केली. म्हणून कंपनीनं मुदतवाढ मागणं भाग होतं. मुलगी इथल्या अकरावीत, म्हणजे आपल्या दहावीसारख्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसणारी. परीक्षा मे-जूनमध्ये. दोन महिन्यांचा प्रश्न होता. मीटिंगनंतर मॅनेजरनं सांगितलं की चौकशी संपेपर्यंत मुदतवाढीचा अर्ज थांबवून ठेवू.

त्या संध्याकाळी कार पार्कपर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. मला वाटलं, आता ही बोलणार. तिनं विचारलं, "पासपोर्ट आले का जी तुमचे?"

"नाही अजून."

"येतील," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

नंतर दर दोन-तीन दिवसांनी ती तेच विचारायची. आधी मला ती नुसती विचारपूस वाटली. मग एकदा लक्षात आलं. ती थांबली होती. माझे पासपोर्ट हातात येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही, हे तिनं धरून चाललं होतं, आणि ते आले की उघडेन, हेही. नियम मी सांगितला होता हे तिनंही मॅनेजरला सांगितलं नव्हतं. आम्हा दोघांत एक करार झाल्यासारखा होता, मी न करता झालेला.

बाकी आमचं नीट चाललं होतं. डेटा तर दीड दिवसात दुरुस्त झाला, ताईनंच केला. टाउनशिपांच्या शेवटच्या तारखा पुसल्या आणि सगळे शेतकरी आपापल्या शेतावर परत गेले. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून आकडे जुळताना पाहिले.

पासपोर्ट एका गुरुवारी आले. जाड लिफाफा, आत चारांवर शिक्के. बायकोनं देवापुढे ठेवले आणि शिरा केला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात किचनमध्येच ताईनं विचारलं, "आले का?"

मी म्हणालो, "नाही अजून."

का म्हणालो, ते मी पुष्कळदा शोधून पाहिलंय. शनिवार-रविवार नीट विचार करू, लिहून काढू, मग बोलू, असं मनात होतं. पण खरं एवढंच, की शिक्का मिळाला तरी नोकरी शिक्क्यानं टिकत नाही, हे मला तो हातात आल्यावर कळलं. सोमवारी मॅनेजर रजेवर होता. मंगळवारी होता, पण घाईत होता. बुधवारी मी त्याच्या दारापर्यंत गेलो आणि प्रिंटरकडे वळलो. गुरुवारी काहीच झालं नाही. शुक्रवारी दुपारी मॅनेजरनं ताईला आत बोलावलं आणि सांगितलं, की चौकशी संपली, कंपनी मुदतवाढ मागणार नाही.

ती बाहेर आली, जागेवर बसली आणि काम करायला लागली. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "आता नको जी. घरी जाऊन पोरीला सांगायचं आहे, ते आधी जुळवू द्या."

सोमवारी मी मॅनेजरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. किचन, चहा, ग्रामपंचायत, मेल टाकू नका म्हणालो तेही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण आता ते मागे घेता येणार नाही. जबाबदार व्यक्ती जात आहे, असं अमेरिकन कंपनीला शुक्रवारीच कळवलंय. मग थोडं थांबून म्हणाला, तसं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, 'ठरवलं आम्ही दोघांनी मिळून, पण तपासायचं काम माझं होतं.'

"हे आपल्या दोघांतच राहू दे," त्यानं मला दारापर्यंत सोडताना सांगितलं. "सॉरी," असंही म्हणाला.

मी बोललो हे मी ताईला सांगितलं. पासपोर्ट आल्याचंही सांगितलं. कधी आले आणि कधी बोललो, ते सांगितलं नाही.

"बोललात ना? बस," ती म्हणाली.

पुढचे सहा आठवडे मी फार धावपळ केली. मेडनहेडच्या एका कंपनीत ओळखीनं तिची मुलाखत ठरवली, मीच गाडीनं घेऊन गेलो. त्यांना ती आवडली, पण त्यांचा परमिटचा अर्ज एप्रिलमध्ये बसणारा नव्हता. शाळेनं पत्र दिलं. मुलीच्या वर्गशिक्षिकेनं दोन पानं लिहिली, इतकी मायेनं की ताईनं ती मला पूर्ण वाचूनही दाखवली नाहीत. आम्ही एका सॉलिसिटरला भेटलो. माझ्या बायकोनं सुचवलं होतं ते मी त्याला विचारलं, की मुलगी फक्त परीक्षेपर्यंत आमच्या घरी राहिली तर? तो म्हणाला, तिचा व्हिसा आईच्या व्हिशावर उभा आहे, आईचा संपला की तिचाही. त्याच्या टेबलावर टिश्यूचा डबा होता. तो त्यानं आमच्याकडे सरकवला.

मुलीनं मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत शाळा चुकवली नाही. "काका, लास्ट मॉकमध्ये मला हिस्टरीला ए मिळाला," तिनं मला फोनवर सांगितलं. "मिस म्हणाली, रिअल एक्झॅममध्ये ए स्टार येईल." मी छान म्हणालो.

निघायच्या आदल्या रविवारी बायकोनं दोघींना जेवायला बोलावलं. मुलगी माझ्या मुलांबरोबर टीव्हीपुढे बसली होती. बायको वाढता वाढता बोलत होती, तिच्या मनात काहीच नव्हतं. "आमचंसुद्धा शेवटपर्यंत टांगलेलंच होतं हो ताई. तुमचं ते कळलं ना, त्याच्या आदल्या आठवड्यातला तो गुरुवार मला कायम लक्षात राहील. मी शिरा केला आणि म्हटलं, उद्या ऑफिसात डबा भरून न्या, ताईंना द्या. तर म्हणतात कसे, नको, गार होतो."

ताईचा हात पोळीवर थांबला. ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिनं बघितलं नाही. मनातल्या मनात ती शुक्रवार मोजत असावी, एक मी 'नाही अजून' म्हणालो तो, एक तिला आत बोलावलं तो.

"शिरा गार झाला की खरंच चांगला नाही लागत," ती म्हणाली, आणि भाजी मागून घेतली.

नागपुरात मुलीला पुन्हा दहावीला बसावं लागलं, आपल्याहून लहान मुलांबरोबर, मराठी आणि हिंदीचे पेपर नव्यानं शिकून. हे मला खूप नंतर एका ओळखीच्याकडून कळलं. ताईकडून नाही. ताईनं तिकडे गेल्यावर एक ईमेल पाठवली होती, सुखरूप पोचल्याची. तिला मी सात-आठ वेळा उत्तर लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी 'तो गुरुवार' एवढ्यावर अडलो.

निघायच्या दिवशी हीथ्रोला मीच सोडायला गेलो. दुसरं कुणी नव्हतं. एम थ्रीवर सबंध वेळ मी बोलायची तयारी करत होतो. प्रत्येक एक्झिट गेला की म्हणायचो, पुढच्याच्या आधी. मागच्या सीटवर मुलगी कानात इअरफोन घालून रिव्हिजनची कार्डं चाळत होती. ती का चाळत होती, कोण जाणे. ताई खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मी म्हणालो, "ताई, पासपोर्ट..."

तिनं पर्स उघडून बघितली. "आहेत. दोन्ही आहेत." आणि पर्स बंद केली.

तिला कळलं नाही, असं नाही. कळलं होतं. पण तिला मला पुढे बोलू द्यायचं नव्हतं. मुलगी मागे होती.

टर्मिनलवर मी बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. पार्किंगची वेळ संपत आली होती, ताईनंच आठवण केली. मग ती मुलीकडे वळली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "चल, काकांना नमस्कार कर."

मी "अगं नको, नको" म्हणेपर्यंत पोरगी वाकलीसुद्धा. इअरफोनची एक वायर माझ्या बुटावर लोंबत होती. मागे सरकायला जागा नव्हती, मागे ट्रॉली होती. माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला आणि आपण सगळे म्हणतो तेच तोंडातून निघून गेलं.

"खूप शीक," मी म्हणालो.

"हो काका," ती म्हणाली, आणि ट्रॉली ढकलायला लागली.